खटका

रविवारी सकाळी, पोह्यांवर खोबरं पडायच्या आत भाचा दारात हजर झाला आणि म्हणाला, "मामा, डोळे मीट."

आमच्या पिढीला डोळे मीट म्हटलं की तोंड आपोआप उघडतं. मी उघडलं. पेढा काही आला नाही. त्याने माझी तर्जनी धरून कशावर तरी टेकवली. "दाब." दाबलं. टक् झालं. "आता शेजारचं." खट्. "आणि हे?" तिसऱ्याने दाबताना एक आणि सोडताना एक असे दोन आवाज केले, बॉलपेनच्या मागच्या बटणासारखे. डोळे उघडून बघतो तर तळहाताएवढ्या पारदर्शक पट्टीवर नऊ बटणं बसवलेली. खाली वायर नाही, यंत्र नाही, दिवा लागत नाही. नुसती दाबायची आणि ऐकायची.

"कुठलं गोड वाटलं?"

"तिसरं," मी म्हणालो. पोहे गार होत होते म्हणून म्हणालो. पण त्याचा चेहरा असा उजळला, की जणू स्थळ पसंत पडलं.

"बॉक्स जेड," तो हळूच म्हणाला. "मामा, तुला कान आहे रे."

इतक्या वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं. आतून मामीचा आवाज आला, "कान दोन आहेत. ऐकू येत नाही."

तर ह्या जमातीची ओळख करून देतो. वय तीस ते चाळीस, नोकरी संगणकातली, घर बावधन-बाणेरच्या बाजूला. कॉलेजात एक गिटार घेतलेली असते, ती कपाटावर. तिशीत कॉफीच्या बिया दळायचं यंत्र येतं, ते ओट्यावर. आणि मग एके दिवशी त्याला साक्षात्कार होतो की आपण दिवसभर ज्या कळफलकावर बोटं ठेवतो त्याचा आवाज बेसूर आहे. तिथून पुढे तो माणूस घरच्यांचा राहत नाही.

ह्याला आपण खटकेबुवा म्हणू. कळफलकाच्या बटणाखालच्या स्विचला मराठीत खटका हा चपखल शब्द पडून आहे, आणि एकाच शब्दात किती सोय: विजेचा खटका, बंदुकीचा खटका, गाण्यातला खटका आणि नवरा-बायकोत उडतो तो. खटकेबुवांच्या घरी बंदुकीचा सोडून बाकीचे सगळे नांदतात.

बुवा ओळखायला सोपे. लिफ्टमध्ये शिरले की आपल्या मजल्याचं बटण दोनदा दाबतात. पहिल्यांदा जायला, दुसऱ्यांदा ऐकायला. दुसऱ्याच्या घरी गेले की टीव्हीचा रिमोट हातात घेतात, पण टीव्ही लावत नाहीत. मिक्सरचा खटका, पंख्याचा रेग्युलेटर, डॉक्टरांच्या टेबलावरचा स्टेपलर, सगळ्यांवर त्यांचं मत असतं. पूर्वी एसटीचे कंडक्टर तिकिटाचा चिमटा रिकामाच वाजवत गाडीभर फिरायचे. तो आवाज बुवांनी लहानपणी ऐकला असता तर संगणकात गेलेच नसते, महामंडळात लागले असते.

आता एवढा सुरेल कळफलक घेऊन हा माणूस दिवसभर लिहितो काय? मी एकदा भाच्यावर पाळत ठेवली. सकाळी साडेनऊपासून जेवणापर्यंत त्याने लिहिलं: "ओके." "नोटेड." "विल चेक." आणि एकदा, कोणावर तरी चिडून, "ओके नोटेड." उरलेला वेळ तो माउस फिरवत होता. माउसचा आवाज त्याला आवडत नाही, पण त्याबद्दल त्याने अजून काही केलेलं नाही. करेल.

खटक्यांची घराणी तीन. पहिलं सरळ. बोट वरून खाली जातं आणि वाटेत काहीही घडत नाही, सरकारी फायलीसारखं. दुसऱ्यात वाटेत ठेच लागते. बोटाला कळतं, कानाला नाही. तिसरं वाजणारं. ह्यातही ठेच लागते, पण ती साऱ्या बिल्डिंगला कळते. लाल, तपकिरी आणि निळा हे त्यांचे ओळखीचे रंग. ते रूढ केले चेरी ह्या कंपनीने. ही १९५३ साली अमेरिकेत निघाली आणि पुढे जर्मनीत स्थिरावली. पेटंटची मुदत सरली तेव्हा चिनी कारखान्यांनी तोच खटका इतक्या रंगांत काढला की आता पैठणीच्या दुकानात बसल्यासारखं होतं: "ह्यात जरा पोपटी दाखवा."

आमचा भाचा तिसऱ्या घराण्याचा गंडाबंध शागीर्द. आणि त्याचं दुःख असं, की ह्या दुनियेत सध्या त्या घराण्याला मान नाही. चोखंदळ मंडळी 'थॉक' नावाच्या आवाजामागे लागली आहेत. थॉक म्हणजे खोल, दबका, पाटावर अलगद नारळ ठेवल्यासारखा. टकटक आवडणाऱ्यांकडे ती मंडळी, मिसळीत तिसऱ्यांदा तर्री मागणाऱ्याकडे पाहावं तशी पाहतात. "मामा, ते ह्याला पोरकट म्हणतात," तो एकदा सांगत होता. आवाज खरोखर भरून आला होता. खयाल ऐकणाऱ्यांत लावणीवाला जसा एकटा पडतो तसा तो त्याच्या माणसांत एकटा आहे. तरी डगमगत नाही, हे मात्र त्याचं मला आवडतं.

एका रात्री जेवणाच्या टेबलावर त्याने मला निळ्या खटक्याचं पोट उघडून दाखवलं. मी चष्मा बदलला. नखापेक्षा थोडी मोठी डबी. झाकण, तळ, एक स्प्रिंग, धातूची पातळ पाती आणि मध्ये वर-खाली जाणारा दांडा. निळ्यात हा दांडा एकसंध नसतो. त्याच्या कमरेला एक पांढरा सैल परकर असतो. बोट दांडा खाली ढकलतं, पण परकर पातीला अडकून मागे राहतो. दोन-सव्वादोन मिलिमीटरवर ठेच ओलांडली की अडकलेला परकर सुटतो आणि तळावर आपटतो. तोच तो 'टक्'. वर येताना परकर गुपचूप येतो, उशिरा घरी आलेल्या माणसासारखा.

"म्हणजे अक्षर उमटायला ह्या आवाजाची गरज नाही?" मी विचारलं.

"अजिबात नाही."

"मग?"

"मग काय मामा? पुरणपोळीवर तुपाची गरज असते का?"

जेडमध्ये, म्हणजे मला गोड वाटलेल्या त्या तिसऱ्या बटणात, परकर नाही. तिथे केसाच्या पिनेसारखी बारीक वाकडी तार बसवलेली असते. दांडा जाताना तिला वाकवतो, ती सटकते, टिक्. परत येतानाही सटकते, टक्. म्हणजे हा खटका जाताना 'येतो' म्हणतो आणि आल्यावर 'आलो' म्हणतो, वळण लावलेल्या मुलासारखा. तार जितकी जाड तितका आवाज भरीव. त्याच्या भावंडांत पांढऱ्या बॉक्सची तार बारीक, जेडची जाड, आणि नेव्हीची जेडइतकीच जाड पण स्प्रिंग अशी कडक, की दोन पानं लिहिली तर दंडाला बेटकुळी यावी. हे सगळं त्याने मला चिमट्याने एकेक तार धरून दाखवलं. चिमटा भाचेसुनेचा होता, भुवया कोरायचा. ती समोर बसून वरण-भात जेवत होती आणि काही बोलत नव्हती. मगाशी चौथा म्हटला तो खटका उडायच्या आधी घरात अशीच शांतता असते.

मी विचारलं, "मग ह्यातला चांगला कुठला?" इथे माझी चूक झाली.

"ते असं सांगता येत नाही," म्हणून त्याने जे सुरू केलं ते मसाला सुपारी येईपर्यंत चाललं. पट्टीवर दाबून ऐकलेला आवाज खोटा असतो म्हणे. खरा आवाज खटका घरात बसल्यावर कळतो. खाली पितळेची पट्टी की ॲल्युमिनियमची, वरच्या टोप्या जाड प्लास्टिकच्या की पातळ, खोक्याच्या पोटात फोम भरलाय की पोकळ, टेबल लाकडी की काचेचं, टेबलावर सतरंजी आहे की नाही. एकच जेड पातळ टोपीखाली चिरकतो आणि जाड टोपीखाली घुमतो. मी हसलो नाही, कारण मिरजेला तंबोऱ्याची जवारी लावताना मी स्वतः पाहिलं आहे. म्हातारा कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत होता, केसभर इकडे, केसभर तिकडे, आणि एका जागी तार अशी बोलली की दुकानातली सगळी माणसं गप्प झाली. भाच्याचं तेच चाललेलं असतं. फरक इतकाच, की जवारी लागल्यावर तंबोऱ्यावर कोणीतरी गातं.

सुताच्या दोऱ्याऐवजी ह्याच्याकडे कागदी चिकटपट्टी असते. कळफलकाच्या आतल्या हिरव्या पाटीच्या पाठीवर तिचे तीन थर. स्पेसबार लांब असल्यामुळे त्याच्या दोन टोकांना तारेचा आधार असतो आणि तो खुळखुळतो, तर त्याखाली जखमेवरची औषधी पट्टी कापून चिकटवायची. हा जगन्मान्य उपाय आहे, त्याने शोधलेला नाही. मे महिन्यात त्याच्याकडे हापूस कापताना माझं बोट कापलं. घरभर शोधलं, पट्टी मिळाली नाही. सगळ्या स्पेसबारला लागल्या होत्या. मी बोटाला हळद लावून घरी आलो.

खर्चाचं मी सहसा विचारत नाही, पण हिशेब न विचारता होतो. एका चांगल्या खटक्याचे ३०-४० रुपये, म्हणजे एक वडापाव आणि वर चहा. अंकांची बाजू कापून टाकलेल्या कळफलकाला लागतात ८७. ही झाली नुसती बटणाखालची डबी. टोप्या वेगळ्या, खोकं वेगळं, पट्टी वेगळी, आणि मग "ह्यावर नेव्ही बघू" म्हणून पुन्हा ८७. टोपी उपटायचं एक अवजार आणि खटका उपटायचं दुसरं. झाळकाम काही लागत नाही, हल्ली उपटून दुसरा खुपसता येतो. माझ्या मते सगळा घात ह्या सोयीने केला. पूर्वी एकदा झाळलं की माणूस निमूटपणे संसार करायचा.

आता माझ्या कानाबद्दल. भाचा माझ्याकडे येतो तो उगाच नाही. मी टायपिस्ट. ऐंशीच्या दशकात, खानावळीच्या वरच्या मजल्यावर असलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मी शिकलो. एएसडीएफजीएफ, सेमीकोलन एलकेजेएचजे. खालून आमटीचा वास आणि वर वीस यंत्रांचा पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज. मास्तर आमच्याकडे पाठ करून खिडकीत बसायचे आणि न वळता म्हणायचे, "तिसरा, सेमीकोलनला करंगळीच. तर्जनी वापरलीस." करंगळीचा ठोका अशक्त येतो, तर्जनीचा दणदणीत, कानाने पकडायचे. इंग्रजी चाळीस, मराठी तीस अशा सरकारी परीक्षा दिल्या आणि त्या जोरावर कचेरीत चिकटलो. यंत्र गोदरेजचं. गोदरेजने १९५५ साली टाइपरायटर काढला. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या अलीकडे शिरवळ लागतं, तिथे कारखाना होता. २००९ मध्ये उत्पादन थांबलं. त्या यंत्राचा आवाज निवडायचा नसायचा. तीन कार्बन घालून चार प्रती काढायच्या असल्या की ठोका असा द्यावा लागे, की चौथ्या प्रतीवर साहेबांचं नाव वाचता यावं. आवाज आपोआप यायचा.

हे मी भाच्याला सांगितलं. तो भारावला. "मामा, म्हणजे तुझ्या त्या हॉलमध्ये एकावेळी वीस क्लिकी?" मग त्याने विचारलं, "कसा होता आवाज? खोल की तीक्ष्ण?" मी म्हणालो, "भुकेचा होता. खालून आमटीचा वास यायचा." हे त्याने वहीत लिहून घेतलं नाही.

माझ्या हातून अपराध घडला तो गणपतीत. भाचा आणि भाचेसून कोकणात गेली आणि घराला रंग चालू होता म्हणून जेडवाला कळफलक आमच्याकडे ठेवून गेली, मांजर ठेवावं तसं सूचनांसकट. ऊन लागू देऊ नये, चहा जवळ नेऊ नये. वापरला तर चालेल. मी वापरला. आणि दोन दिवसांनी मला वाटलं, हे यंत्र फारच कटकट करतंय. टायपिस्टाला रविवारी यंत्र पुसून तेल घालायची सवय असते. मामीच्या शिलाई मशीनची तेलाची कुपी होतीच. पहिल्याच दिवशी सगळीकडे नको म्हणून फक्त मधल्या ओळीची आठ बटणं घेतली, ज्यांवर बोटं टेकतात ती. टोप्या त्याच्याच अवजाराने नीट उपटल्या, एकेक थेंब सोडला, पुसून पुन्हा बसवल्या. लोण्यासारखं झालं. मनात म्हटलं, पोरगं खूश होईल.

मला कसं कळावं की वाजणाऱ्या खटक्यात तेल गेलं की तो मुका होतो? सरळ घराण्यातले बुवा रात्र-रात्र जागून ब्रशाने ग्रीस लावतात, एकेका खटक्याला तीन-तीन मिनिटं, त्यासाठी खास महागडं ग्रीस मिळतं. वाजणाऱ्या घराण्यात मात्र तारेला वंगण म्हणजे गवयाला शेंदूर.

तो आला. उकडीच्या मोदकांचा डबा माझ्या हातात दिला, बसला आणि सहज काहीतरी बडवलं. टक् टक्, फुस्, टक्, फुस्, फुस्. तबल्याच्या साथीत मध्येच कोणी डग्ग्यावर ओला पंचा टाकावा तसं. त्याने हात उचलले. एकेक बटण कान लावून दाबून पाहिलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मामा, तेल?"

"हो."

"कुठलं?"

"शिलाई मशीनचं."

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. मी मोदकांचा डबा उघडला नाही. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, संध्याकाळी फोनवर मला विचारलं, "काय केलंस रे पोराला? जेवला नाही." साठीचा माणूस बहिणीला काय सांगणार? मी एएसडीएफ मुका केला?

दुसऱ्या दिवशी मी स्वखर्चाने आठ नवे जेड मागवले. सुटे मिळत नाहीत, दहाचं पाकीट येतं. आठ बसवले, दोन उरले. ते मी सदऱ्याच्या खिशात टाकले आणि तिथेच राहिले. आता रांगेत उभं राहिलो, सिग्नलला रिक्षा थांबली की अंगठा आपोआप खिशात जातो. जाताना 'येतो', आल्यावर 'आलो'. मामीला वाटतं, गुडघा वाजतोय.

घरातल्या इतरांचं काय होतं ते थोडक्यात सांगतो, कारण बुवांना ते महत्त्वाचं वाटत नाही. भाचेसूनही घरूनच काम करते, दार लावून, कानांवर भोपळ्याच्या फोडींएवढे हेडफोन लावून. भाचा ऑनलाइन मीटिंगमध्ये 'नोटेड' लिहायला लागला तेव्हा पलीकडून त्याच्या साहेबांनी विचारलं, "कोणाकडे फोडणी चालू आहे का? मोहरी तडतडतेय. म्यूट करा." त्याने म्यूट केलं, पण अभिमानाने. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी सोसायटीत तक्रार दिली की वरती रात्री कोणीतरी वाटाणे निवडतं.

आणि आमची न्यू जर्सीची धाकटी बहीण, भाच्याची मावशी. बुवांच्या जगात आयबीएमचा मॉडेल एम हा कळफलक म्हणजे साक्षात पंढरपूर. १९८५ चा, प्रत्येक बटणाखाली उभी स्प्रिंग, ती दाबताना मध्येच कंबर मोडून वाकते आणि तिच्या त्या मोडण्याचा आवाज येतो. वजन दोन किलोंच्या वर. अमेरिकेत जुन्या बाजारात मिळतो म्हणून भाच्याने मावशीला तीन महिने आधी कळवलं, फोटो पाठवला, बदाम आणू नकोस म्हणाला, तेवढ्या वजनात हा येईल. मावशी आली. बॅग उघडली. त्याच्या हातात तिने एक पातळ, चकचकीत, पापडासारखा पांढरा कळफलक ठेवला. "तुझा तो पाहिला बाई मी. पिवळा पडलेला, कोणी-कोणी वापरलेला. म्हटलं आपल्या पोराला जुनं कशाला? हा नवा कोरा आहे. आणि गंमत म्हणजे अजिबात आवाज करत नाही."

त्याने वाकून नमस्कार केला. संस्कार चांगले आहेत.

मागच्या महिन्यात माझ्या ठेवीची मुदत संपली म्हणून भाच्याने मला गाडीतून आमच्या पतसंस्थेत नेलं. रांगेत पाच माणसं. मी खिशातला चालू केला. थोड्या वेळाने त्याने माझं मनगट धरलं. "मामा, तुझा थांबव जरा."

मी थांबवला. आवाज थांबला नाही.

काचेमागून येत होता. कॅशियरबाई एका हाताने पासबुक सपाट धरून दुसऱ्या हाताने आकडे घालत होत्या, नजर गिऱ्हाइकावर, बोटं आपली चाललेली. टकटकटक टक, आणि मग एंटरवर एक भरदार थाप, समेवर आल्यासारखी. पुन्हा टकटकटक. भाचा रांग सोडून काउंटरच्या बाजूला गेला, मान वाकडी करून आत डोकावला आणि पांढराफटक पडला. काळा, बोजड कळफलक, टीव्हीएस गोल्ड. बँकांत, दवाखान्यांत, कोर्टाबाहेरच्या टायपिस्टांकडे वर्षानुवर्षं दिसत आलेला. अक्षरं घासून गेलेली, आठाचा आणि शून्याचा भेद केवळ श्रद्धेने करायचा. आणि त्याच्या पोटात काय असतं? चेरीचे निळे. परकरवाले. जे ह्याने तीन वर्षांपूर्वी "बाळबोध" म्हणून डब्यात भरून माळ्यावर टाकले होते.

"हा निळा असा नाही वाजत," तो पुटपुटला. "माझा असा कधीच वाजला नाही." मग पुढे होऊन काचेच्या भोकातून म्हणाला, "मॅडम, जरा अजून काहीतरी टाइप करता का?"

"काय टाइप करू?"

"काहीही."

"सर्व्हर डाऊन झालाय आत्ता."

"चालेल."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, हे तुमच्याबरोबर आहेत?"

हो म्हणायला मला थोडा वेळ लागला.

पुढचं सगळं मॅनेजरांच्या केबिनमध्ये. भाच्याने देवाणघेवाण मांडली: तुमचा जुना द्या, मी माझा नवा देतो, वर तेल-पाणी माझं. (तेल म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं.) कॅशियरबाई दारातून म्हणाल्या, "द्या हो साहेब, मी कधीची मऊवाला मागतेय, दुपारी डोकं उठतं ह्या कटकटीने." मॅनेजरांनी कळफलक उलटा केला. पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर. "डेड स्टॉकला नोंद आहे. असा कसा देता येईल? ऑडिटला काय दाखवू?" शिवाय त्यांना संशय आला. हजारो रुपयांची वस्तू घेऊन माणूस भंगार मागतो, म्हणजे भंगारात काहीतरी असलं पाहिजे. त्यांनी तो आधी हलवून पाहिला, मग वास घेतला.

मार्ग निघाला तो असा. निर्लेखित करायच्या साहित्यात हा धरता येईल, पण मंजुरी संचालक मंडळाची. अर्ज मराठीत, अध्यक्षांच्या नावे. अर्जदार सभासद असला तर बरं. भाच्याने तिथेच शेअरचे पैसे भरले. आजवर ज्याने मतदार यादीत नाव घातलं नव्हतं तो ह्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेला वेफर्सची पिशवी घेऊन बसणार आहे, 'आयत्या वेळचे विषय' येईपर्यंत.

अर्ज लिहायला तो परवा आमच्याकडे आला. बरोबर तीन कळफलक. कुठल्यावर लिहावा ह्यात पाऊण तास गेला. अखेर माझ्या हातून बाटलेला जेडच ठरला. त्याने बाह्या सरसावल्या. 'प्रति' झालं. 'मा. अध्यक्ष' झालं. 'महोदय' तीन वेळा खोडलं. ह्या कळफलकांवर त्याने लिहायला घेतलेलं हे पहिलं सबंध पान असावं. मी घड्याळ लावून बसलो होतो: मिनिटाला नऊ शब्द. मास्तर असते तर खिडकीतून न वळता बाहेर काढला असता.

"मामा, 'निर्लेखित'मधला 'र्ले' कसा काढायचा?"

"रेमिंग्टनची मांडणी लाव आणि सरक," मी म्हणालो.

बसलो. बोटं मधल्या ओळीवर टेकली, जिथे मी तेल घातलं होतं तिथेच. विषय, संदर्भ, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर की. करंगळी अजून अशक्तच पडते, पण हात विसरलेले नाहीत. सबंध पान, न थांबता, नियमाबरहुकूम समास सोडून, खाली 'आपला विश्वासू' आणि सहीला जागा. शेवटचा एंटर दिला. मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती, हातात झारा. भाच्याचे डोळे मिटलेले.

"झाला?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

"झाला."

"मामा, अजून काहीतरी टाइप कर ना."

"सर्व्हर डाऊन आहे," मी म्हणालो.